अमेरिकेतली नाकेबंदी: मिठापासून सुप्यापर्यंत

अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेतले लोक मांस खारवायच्या कोठीतली जमीन खणायचे. वर्षानुवर्षं टांगलेल्या मांसातून गळलेलं खारं पाणी त्या मातीत मुरलेलं असायचं, मग ती माती पाण्यात कालवायची, गाळायची, उकळायची आणि तळाशी जे मळकट मीठ उरेल ते वापरायचं. शत्रूच्या बंदरांत बाहेरचा माल येऊ न देणारी समुद्री नाकेबंदी म्हणजे काय हे मला लढायांच्या वर्णनापेक्षा या मातीवरून जास्त कळलं.

दक्षिणेतली राज्यं फुटून निघाल्यावर १९ एप्रिल १८६१ ला राष्ट्राध्यक्ष लिंकनने त्यांच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. किनारा साधारण ३,५०० मैलांचा आणि उत्तरेच्या नौदलाकडे कामात असलेली जहाजं जेमतेम ४० च्या आसपास. त्यात समुद्री युद्धाच्या नियमांच्या १८५६ च्या पॅरिस जाहीरनाम्याने ठरवून ठेवलेलं की नुसती कागदावरची नाकेबंदी चालणार नाही, बंदरासमोर खरोखर जहाजं उभी पाहिजेत. मग उत्तरेने व्यापारी बोटी, अगदी फेरीबोटीसुद्धा विकत घेऊन त्यांच्यावर तोफा बसवल्या आणि युद्ध संपेपर्यंत आकडा ६०० च्या पुढे नेला.

दक्षिणेचा सगळा हिशोब कापसावर होता, आणि तो कापूस गुलामीतल्या माणसांच्या राबण्यावर, जवळपास ३५ लाख माणसं गुलाम होती तिथे. ब्रिटनच्या गिरण्यांचा बहुतेक कापूस इथूनच जायचा, म्हणून पहिल्या वर्षी नाकेबंदी अगदी विरळ असताना दक्षिणेने आपणच कापूस अडवून धरला, वाटलं इंग्लंडातला कापड गिरण्यांचा लँकेशर भाग उपाशी पडेल आणि ब्रिटन आपल्या बाजूने उतरेल. पण आधीच्या भरघोस पिकाने तिथली गोदामं भरलेली होती. कापूस विकून तोफा, रूळ, बोटी घ्यायची वेळ तीच होती आणि ती हातची गेली, माझ्या मते दक्षिणेची सगळ्यात मोठी चूक हीच.

नाकेबंदी गळकी होती हे खरंय. ब्रिटिशांच्या ताब्यातल्या नासाऊ आणि बर्म्युडाहून राखाडी रंगाच्या वाफेच्या बोटी अंधाऱ्या रात्री दिवे विझवून, कमी धुराचा कोळसा जाळत विल्मिंग्टन नाहीतर चार्ल्सटनला यायच्या आणि बहुतेक वेळा सुटायच्या पण. पण या बोटींत जागा थोडी, मग मालक भरणार काय, तर जे महाग विकेल ते, इतकं की १८६४ मध्ये चैनीच्या मालाच्या आयातीवर कायद्याने बंदी घालावी लागली. आणि आधी जी मोठी शिडाची जहाजं राजरोस यायची ती आता निघतच नव्हती, खरा फटका तो. युद्धाआधीच्या तीन वर्षांत साधारण १ कोटी गासड्या बाहेर गेल्या होत्या, युद्धाच्या शेवटच्या तीन वर्षांत ५ लाखांच्या आसपास.

किनाऱ्याने होणारी वाहतूकही थांबली, तो सगळा भार रेल्वेवर आला आणि नवे रूळ मिळेनात, म्हणून एका लाइनचे उखडून दुसरीला लावायचे. जकातीचं उत्पन्न आटलं तसं सरकारने नोटा छापल्या, भाव भडकले. २ एप्रिल १८६३ ला दक्षिणेची राजधानी रिचमंडमध्ये बायकांनी पावासाठी दुकानं फोडली, आणि दक्षिण तर शेतीचा मुलूख!

याचं दुसरं टोक आपल्याकडे. अमेरिकेचा माल बंद झाल्यावर लँकेशर मुंबईकडे वळलं, कापसाचे भाव कित्येक पट झाले, खानदेश-वऱ्हाडचा कापूस बैलगाड्यांनी निघाला आणि मुंबईत समुद्र हटवून जमीन करायच्या बॅक बे भरणीच्या शेअरवर लोक तुटून पडले. ९ एप्रिल १८६५ ला दक्षिणेचा सेनापती ली याने शरणागती पत्करली, कापूस कोसळला, १ जुलैला वायद्यांचे पैसे चुकते करायची वेळ आली तेव्हा प्रेमचंद रायचंदांसारखा कापसातला बडा व्यापारीसुद्धा त्यात बुडाला.

मुंबईची ही गोष्ट सगळे सांगतात, खेड्यातली कमी सांगितली जाते. तेजीत सावकारांनी जमिनीवर सढळ हाताने कर्जं दिली होती. पुणे जिल्ह्यातलं सुपे काही कापसाचा मुलूख नव्हे, पण पैसा तिथेही खेळत होता. मग भाव उतरले, नव्या पाहणीत सारा वाढला आणि सावकाराने हात आखडता घेतला. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात रयतेने सावकारांची कर्जखतं आणि वह्या बाहेर काढून जाळल्या, आणि नंतर सरकारी आयोगाने त्या कर्जांचा माग काढला तेव्हा तो अमेरिकन युद्धाच्या वर्षांपर्यंत गेला.