शेजारून लागतो, घरातून लागत नाही

"सर्व्हर बंद आहे, मग पिंगला उत्तर देतंय कोण?" परवा एका नव्या सहकाऱ्याने विचारलं. पिंग म्हणजे नेटवर्कवरून मारलेली 'आहेस का?' अशी हाक. पंखे थांबलेले, डिस्कचे दिवे विझलेले, आणि तरी आतून कुणीतरी 'ओ' देत होतं.

हा जो कुणीतरी आहे, त्याचं नाव बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर, थोडक्यात बीएमसी. मदरबोर्डवरच बसवलेला हा एक छोटा स्वतंत्र संगणक. त्याचा प्रोसेसर वेगळा, मेमरी वेगळी, ऑपरेटिंग सिस्टिमही वेगळी. सर्व्हरची वायर भिंतीतल्या सॉकेटमध्ये असली, की पॉवर सप्लाय थोडी स्टँडबाय वीज कायम देत राहतो आणि तेवढ्यावर बीएमसी जागा असतो. सर्व्हर लांबून चालू-बंद करणं, तापमान नि पंख्यांचा वेग वाचणं, स्क्रीन दाखवणं ही त्याची कामं. डेल त्याला आयड्रॅक म्हणते, एचपीई आयलो. त्याच्याशी बोलायची आयपीएमआय ही सामाईक पद्धत इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी यांनी १९९८ मध्ये ठरवली. आता रेडफिश ही नवी पद्धत तिची जागा घेते आहे.

इथेच पहिला गैरसमज. बीएमसी लागेनासा झाला, की सर्व्हर रीस्टार्ट करायचा. हा आमच्या धंद्यातला अंगारा. सर्व्हर दहादा रीस्टार्ट करा, बीएमसीला त्याने काही फरक पडत नाही, कारण त्याची वीज जातच नाही. त्याला खरोखर उठवायचं तर 'आयपीएमआयटूल एमसी रीसेट कोल्ड' ही आज्ञा द्यावी लागते, किंवा वायर काढून थोडं थांबावं लागतं. पॉवर सप्लाय दोन असतील तर दोन्ही वायरी. एकच काढून "केलं की मी" म्हणणारे मी पाहिलेत. 

आता माझी फजिती. काही वर्षांपूर्वी एका सर्व्हरचा बीएमसी तपासायचा होता. मी त्याच सर्व्हरच्या लिनक्समध्ये लॉगिन झालेलो होतो. 'आयपीएमआयटूल लॅन प्रिंट' मारलं, आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) बरोबर, मास्क नि गेटवे ही त्याच्या सोबतची सेटिंगंही बरोबर. ही आज्ञा नेटवर्कवरून जात नाही, मदरबोर्डच्या आतल्या वाटेने थेट बीएमसीपाशी जाते, म्हणजे बीएमसी जिवंत होता हे नक्की. मग तिथूनच त्याला पिंग केलं: 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल'. दोन तास आयपी बदल, केबल बदल, फायरवॉल बंद कर. शेवटी शेजारच्या रॅकवरून एकाने हाक मारली, "अरे, माझ्या लॅपटॉपवरून तर लागतोय!"

शेजाऱ्याला लागतो आणि घरातल्याला लागत नाही, हे कोडं मला आजही या विषयातलं सगळ्यात सुंदर वाटतं. म्हणून जरा सविस्तर.

बीएमसीला नेटवर्कवर यायच्या दोन वाटा. एक, त्याचं स्वतःचं वेगळं पोर्ट. दुसरी, सर्व्हरच्याच एखाद्या नेटवर्क पोर्टात भागीदारी. त्यात नेटवर्क चिपला बाजूने एक छोटी वाट जोडलेली असते, तिला एनसी-एसआय म्हणतात. बाहेरून आलेल्या प्रत्येक फ्रेमवरचा, म्हणजे माहितीच्या पुडक्यावरचा, मॅक अ‍ॅड्रेस (ते पुडकं ज्याच्यासाठी आहे त्याचा हार्डवेअर पत्ता) चिप बघते. सर्व्हरचा असेल तर आत सोडते, बीएमसीचा असेल तर बाजूच्या वाटेने वळवते. म्हणजे केबल एक, पोर्ट एक, पण त्यामागे दोन बिऱ्हाडं. माझ्या सर्व्हरवर हीच भागीदारी होती.

आता स्विचकडे वळू, म्हणजे सगळ्या यंत्रांच्या केबली जिथे येतात त्या पेटीकडे. माझा सर्व्हर तिच्या १२ नंबरच्या पोर्टात होता. स्विचला आधी काहीच माहीत नसतं, तो बघून शिकतो. १२ नंबरच्या पोर्टातून '३ए' ने संपणाऱ्या, म्हणजे सर्व्हरच्या, मॅकची फ्रेम आली, की तो टिपून ठेवतो: ३ए बारावर. थोड्या वेळाने '३सी' हा बीएमसीचा मॅकही तिथूनच येतो. ३सी बारावर. ही नोंद बऱ्याच स्विचमध्ये ३०० सेकंद गप्प राहिल्यावर पुसली जाते.

माझ्या लिनक्सला बीएमसीचा आयपी माहीत होता, मॅक नव्हता. म्हणून त्याने एआरपीची हाक मारली: हा आयपी कुणाचा? ही हाक सगळ्यांसाठी असते. सर्व्हरकडून निघालेली फ्रेम चिपने सरळ केबलवर ढकलली, बाजूच्या वाटेकडे बघितलंच नाही. स्विचने ती सगळ्या पोर्टांवर पाठवली, फक्त १२ सोडून. कारण स्विचचा नियमच तो: फ्रेम ज्या पोर्टातून आली तिथे ती परत पाठवायची नाही. सगळ्या खोलीने हाक ऐकली, ज्याचं नाव घेतलं त्यानेच ऐकली नाही. मॅक हाताने नोंदवला असता तरी फरक पडला नसता. ३सी बारावर आहे, फ्रेमही बारातूनच आली, म्हणून स्विचने ती टाकून दिली असती.

असा नियम का? हा वारसा जुन्या जाड केबलींच्या काळाचा. तेव्हा एका तारेवर अनेक यंत्रं टांगलेली असत आणि दोन तारा जोडायला मध्ये ब्रिज असे. एका तारेवरून आलेली फ्रेम त्या तारेवरच्या सगळ्यांनी आधीच ऐकलेली, मग ब्रिजने ती परत तिथे कशाला ओरडायची? हिशेब चोख होता. पण आमच्या १२ नंबरमागे सामाईक तार नव्हती, चिपने वेगळी केलेली दोन बिऱ्हाडं होती, आणि त्यांचं एकमेकांना काहीच ऐकू जात नव्हतं. इंटेलच्या आय३५० सारख्या काही चिपमध्ये सर्व्हर ते बीएमसी अशी आतली वाट असते, माझ्या चिपमध्ये ती नव्हती.

गंमत पुढे आहे. बीएमसी दुसऱ्या सबनेटमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या भागात, ठेवला असता, तर त्याच सर्व्हरवरून पिंग लागला असता! कारण मग पॅकेट आधी हे भाग जोडणाऱ्या राउटरकडे जातं आणि राउटरच्या पोर्टातून स्विचवर परत येतं. आता ते 'बारातून आलेलं' राहत नाही, म्हणून स्विच ते खुशाल बारावर सोडतो.

भागीदारीची आणखी एक खोड. आयपीएमआय यूडीपीच्या ६२३ पोर्टावर बोलतं (हा पोर्ट म्हणजे केबलचं भोक नव्हे, पॅकेटवरचा नुसता क्रमांक). काही जुन्या कार्डांत चिप या पोर्टाचं पॅकेट परस्पर बीएमसीकडे वळवते, सर्व्हरला कळतही नाही. सर्व्हरवरच्या एखाद्या प्रोग्रॅमला चुकून ६२३ हाच पोर्ट मिळाला, की त्याची उत्तरं गायब आणि एनएफएस माउंट (नेटवर्कवरून जोडलेला फोल्डर) लटकलेलं. म्हणून काही लिनक्समध्ये ६२३ आणि ६६४ हे पोर्ट देऊ नका अशी यादीच ठेवलेली असते.

नव्या सहकाऱ्याला हे सगळं सांगितलं. आठवड्याने तो उलटं कोडं घेऊन आला: सर्व्हर चालू असताना बीएमसी लागतो, बंद केला की दीडेक मिनिटात गायब! स्विच बघितला, तर ते पोर्ट एलएसीपीच्या जोडीत होतं, म्हणजे दोन केबली मिळून एक. ती जोडी टिकवायला सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम दर ३० सेकंदांनी स्विचला निरोप देते. तीन निरोप चुकले की स्विच ते पोर्ट जोडीतून बाहेर काढतो आणि त्यावरची वाहतूक थांबवतो. सर्व्हर झोपला, निरोप थांबले, आणि त्याच पोर्टात भागीदार असलेला बीएमसी जागेपणीच कोंडला गेला.

आम्ही त्याला वेगळ्या पोर्टात केबल लावून दिली आणि सेटिंगमध्ये 'शेअर्ड'चं 'डेडिकेटेड' केलं. पाच सेकंदांत पोर्टाचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला. सर्व्हर तेव्हा बंदच होता.