सोलापूर मेघबीजन प्रयोग

सोलापूर मेघबीजन प्रयोग : पावसाळी ढगांत क्षारकण सोडल्याने पाऊस खरोखर वाढतो का, आणि वाढला तर किती, हे तपासण्यासाठी सोलापूर परिसरात २०१८ आणि २०१९च्या पावसाळ्यात झालेला शास्त्रीय प्रयोग. तो पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने केला. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या अखत्यारीत २००९ पासून चाललेल्या ‘कायपीक्स’ या ढग आणि पाऊसवाढीच्या अभ्यास-मोहिमेचा हा चौथा टप्पा होय.

सोलापूर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येते. महाबळेश्वरला वर्षाकाठी ५,५०० मिमीहून अधिक पाऊस होतो, तर सोलापूर जिल्ह्याच्या वाट्याला सरासरी ५०० ते ६०० मिमी येतो. त्यातही सप्टेंबरचा भरवसा जास्त. मंगळवेढ्याची ज्वारी रब्बीत पेरतात ती उगीच नव्हे. जून-जुलैत आभाळ भरून येते, पण पुष्कळदा ढग न बरसताच पुढे सरकतात. अशा ढगांमुळेच हा मुलूख प्रयोगाला सोयीचा ठरला.

ढगातला जलकण साधारण ०.०२ मिमी व्यासाचा असतो. २ मिमीचा पावसाचा एक थेंब व्हायला असे सुमारे १० लाख कण एकत्र यावे लागतात. हवेत धूळ-धूर फार असला की बाष्प असंख्य कणांत वाटले जाते. सगळे जलकण बारीक आणि जवळपास एकाच मापाचे राहतात, एकमेकांवर क्वचितच आदळतात, आणि ढग तसाच विरून जातो. कॅल्शियम क्लोराइड ओल चटकन शोषते. त्याच्या कणांभोवती मोठे जलकण तयार होतात आणि वाटेतल्या लहान कणांना पोटात घेत वाढतात. विमानाच्या पंखांना लावलेल्या नळकांड्या पेटवून हा क्षार धुरावाटे सोडतात. विमान ढगाच्या डोक्यावरून नव्हे, तर तळाखालून उडते. तिथली वर उसळणारी हवा धूर आपसूक आत ओढून घेते. ढग मात्र वाढीला लागलेला हवा. सिल्व्हर आयोडाइड वापरतात ते गोठणबिंदूखालच्या थंड ढगांसाठी. सोलापुरात लक्ष्य होते उष्ण ढगांचे.

राज्यात २००३ मध्येही विमाने उडवून कृत्रिम पाऊस पाडण्याचा घाट घातला गेला होता. अशा मोहिमांबाबत एक प्रश्न नेहमी उरतो : फवारणीनंतर पाऊस पडला खरा, पण तो एरवीही पडला नसता कशावरून? एकाच ढगावर दोन्ही गोष्टी करून पाहता येत नाहीत. म्हणून येथे आधी ढग निवडायचा आणि त्यावर बीजन करायचे की तो तसाच सोडायचा हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे, कुणाच्या मर्जीवर न ठेवता ठरवायचे, अशी पद्धत होती. एकूण २७६ ढग निवडले गेले. दोन्ही गटांतील ढगांची तुलना रडार, जमिनीवरची स्वयंचलित पर्जन्यमापके आणि उपकरणे बसवलेले विमान यांच्या नोंदींवरून झाली. या प्रयोगाचे खरे मोल याच काटेकोरपणात आहे. याच संस्थेने १९७३ ते १९८६ या काळात बारामती भागात मिठाची पूड वापरून ११ पावसाळे प्रयोग केले होते आणि पावसात २४ टक्के वाढ नोंदवली होती.

सोलापूरचे निष्कर्ष २०२३ मध्ये अमेरिकन हवामानशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तारा प्रभाकरन या मुख्य लेखिका. बीजन केलेल्या ढगांखाली काही ठिकाणी पाऊस तुलनेने ४६ टक्के (१३ टक्के कमी-अधिक) जास्त भरला. वाऱ्याच्या दिशेने पुढच्या १०० चौरस किमी क्षेत्राची सरासरी घेतली तर वाढ १८ टक्क्यांच्या आसपास येते. बातम्यांत ४६चाच गाजावाजा झाला; शेतकऱ्याच्या दृष्टीने १८ हा आकडा अधिक प्रामाणिक.

प्रयोगातून सुमारे ८६.७ कोटी लिटर जादा पाणी मिळाले आणि ते लिटरमागे १८ पैशांना पडले, असा संशोधकांचा हिशेब आहे. आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण धरणाच्या भाषेत तो ०.०३ टीएमसी (अब्ज घनफूट) होतो. सोलापूर जिल्ह्यातल्या उजनी धरणाचा उपयुक्त साठाच ५३ टीएमसीच्या वर आहे. तेव्हा ‘विमान आले की दुष्काळ हटला’ ही अपेक्षा चूक. बीजनाने नवा ढग जन्माला येत नाही. आभाळ निरभ्र असलेल्या कडक दुष्काळात, म्हणजे गरज सर्वांत मोठी असते तेव्हा, ते निरुपयोगी ठरते. स्वदेशी विमान वापरल्यास खर्च निम्म्याहून खाली येईल, असा संशोधकांचा अंदाज आहे.