आयसी डिझाइन

सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर ट्रान्झिस्टर, रोधक, धारित्रे आणि त्यांना जोडणाऱ्या धातूच्या तारा घडवून जो परिपथ तयार होतो, त्याला एकात्मिक परिपथ, रूढ भाषेत आयसी किंवा चिप म्हणतात. असा परिपथ कागदावरच्या अपेक्षांपासून मास्कच्या, म्हणजे सिलिकॉनवर थर उमटवायच्या साच्यांच्या, नकाशापर्यंत नेणे म्हणजे आयसी डिझाइन.

जॅक किल्बी यांनी १९५८ साली जर्मेनियमवर पहिला नमुना चालवून दाखवला, पण त्यातल्या तारा हाताने जोडलेल्या होत्या. पुढच्याच वर्षी रॉबर्ट नॉइस यांनी सिलिकॉनच्या पृष्ठावरच धातूच्या जोडण्या उमटवण्याची कल्पना मांडली आणि आयसी छपाईसारखी घाऊक बनवण्याचा मार्ग खुला झाला. १९७१ च्या इंटेल ४००४ या मायक्रोप्रोसेसरमध्ये सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते आणि त्यांचा आराखडा माणसांनी हाताने काढला होता. आजच्या मोठ्या चिपमध्ये ते अब्जावधी असतात, त्यामुळे डिजिटल, म्हणजे फक्त ० आणि १ हाताळणाऱ्या, परिपथांच्या आराखड्याचे बहुतेक काम सॉफ्टवेअरकडे गेले आहे.

सलग बदलणारे सिग्नल हाताळणाऱ्या अॅनालॉग परिपथांचे तसे नाही. तिथे अजूनही बरेचसे हातानेच आखावे लागते. दोन ट्रान्झिस्टर तंतोतंत जुळावेत म्हणून त्यांचे तुकडे करून ते एकमेकांत सममितीने मांडतात, म्हणजे चिपच्या एका कडेपासून दुसरीकडे होणारा सूक्ष्म फरक दोघांना सारखाच लागतो.

डिजिटल चिपचे वर्तन व्हेरिलॉग किंवा व्हीएचडीएल भाषेत लिहितात. हे दिसायला प्रोग्रामसारखे असले तरी त्यातून हार्डवेअर उभे राहते, ही गोष्ट नवशिके हमखास विसरतात. सिंथेसिस हे सॉफ्टवेअर या वर्णनाचे तयार गेटमध्ये, म्हणजे काही ट्रान्झिस्टरच्या छोट्या तार्किक परिपथांमध्ये, रूपांतर करते. मग गेटची मांडणी, क्लॉकचे (सगळ्या चिपला ताल देणाऱ्या सिग्नलचे) जाळे आणि तारांची जोडणी होते.

खरी कसोटी वेळेची. क्लॉक १ गिगाहर्ट्झ असेल तर एका फ्लिपफ्लॉपमधून (क्लॉकच्या ठोक्याला एक बिट साठवणाऱ्या घटकातून) निघालेला सिग्नल मधली गेट ओलांडून पुढच्या फ्लिपफ्लॉपशी १ नॅनोसेकंदाच्याही थोडा आधी पोचावा लागतो. ही सेटअपची अट. ती मोडली तर क्लॉक मंद करून निभावता येते. होल्डची अट उलटी आहे: नवा सिग्नल फार लवकर पोचून जुना पुसला जाता कामा नये. तिथे क्लॉक मंद करून काहीच साधत नाही, चिप वाया जाते. म्हणून अनुभवी डिझायनर सेटअपपेक्षा होल्डला जास्त भितात.

दुसरे बंधन विजेचे. सीमॉस गेट (आजच्या बहुतेक डिजिटल चिपमधला प्रकार) मुख्यतः स्थिती बदलतानाच वीज खाते आणि हा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, त्यामुळे व्होल्टेज थोडे उतरवले तरी बचत मोठी होते. मात्र गेट मंदावतात. कमी व्होल्टेजलाही वेग राखायचा तर ट्रान्झिस्टरचे थ्रेशोल्ड, म्हणजे तो चालू व्हायला लागणारे व्होल्टेज, उतरवावे लागते, आणि मग बंद ट्रान्झिस्टरमधून होणारी गळती वाढते.

सगळ्यात जास्त श्रम बहुधा पडताळणीत जातात. १९९४ मध्ये इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरच्या भागाकार कोष्टकातल्या काही नोंदी राहून गेल्याचे उघड झाले आणि इंटेलला त्यापोटी ४७.५ कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. सॉफ्टवेअरची चूक पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होते, बनून गेलेल्या चिपमधली होत नाही. त्यामुळे आराखडा कारखान्याच्या नियमांत बसतो का आणि मूळ परिपथाशी जुळतो का, हे अनुक्रमे डीआरसी व एलव्हीएस तपासण्यांतून पाहूनच टेपआउट करतात, म्हणजे अंतिम फाइल मास्क बनवायला पाठवतात.

तरीही चूक निघेल हे गृहीत धरून चिपभर काही गेट मुद्दाम न जोडता विखरून ठेवतात. दोष सापडला की फक्त धातूच्या थरांचे मास्क बदलून ती जोडून घेतात. खालच्या थरांचे महागडे मास्क पुन्हा बनवावे लागत नाहीत.