फुटलेला टायर टाकून देऊ नका

१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ एक खासगी बस उलटून पेटली. २५ प्रवासी दगावले. बचावलेल्या चालकाचं म्हणणं होतं, टायर फुटला. अमरावतीच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या तपासात मात्र जागेवर ना रबराचे तुकडे मिळाले, ना फुटलेल्या टायरच्या खुणा. टायर फुटल्याचा पुरावा नाही, असाच अहवाल गेला.

‘टायर फुटला’ हे आपल्याकडे अपघाताचं कारण म्हणून सांगितलं जातं आणि तिथेच चौकशी थांबते. खरं तर प्रश्न तिथून सुरू व्हायला हवा: टायर का फुटला? त्याचं उत्तर बहुतेक वेळा टायरमध्येच असतं. पण तोवर त्याचे तुकडे रस्त्याच्या कडेला झाडून टाकलेले असतात.

आधी एक गैरसमज. उन्हाळ्यात काँक्रीट तापतं, आतली हवा फुगते आणि टायर फुटतो, असं सगळेच सांगतात. म्हणून कित्येक चालक उन्हाळ्यात मुद्दाम हवा कमी ठेवतात. हिशेब करून पाहू. ट्रकच्या टायरमध्ये सकाळी २७ अंश तापमानाला ११० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरली. धावून धावून आतली हवा ७७ अंशांवर गेली, म्हणजे ५० अंशांनी वाढली. बंद जागेतल्या वायूचा दाब निरपेक्ष तापमानाच्या, म्हणजे उणे २७३ अंशांपासून मोजलेल्या तापमानाच्या, प्रमाणात वाढतो. त्यामुळे मीटर आता साधारण १३० दाखवेल. धडधाकट टायर याच्या कितीतरी पट दाब सोसेल असाच बनवलेला असतो. २० पीएसआयने तो फुटत नाही.

घात होतो तो हवा कमी असल्याने. टायर फिरताना त्याचा जो भाग जमिनीला टेकतो तो चपटा होतो आणि वर येताना पुन्हा सरळ होतो. ट्रकचं चाक एका किलोमीटरमध्ये सुमारे ३०० फेरे घेतं. नागपूर ते शिर्डी हे ५२० किलोमीटर अंतर धरलं, तर टायरचा प्रत्येक भाग दीड लाखाहून जास्त वेळा वाकतो. रबर वाकवायला लागलेली सगळी ऊर्जा परत मिळत नाही, काही भाग उष्णता होऊन आतच राहतो. हवा कमी असेल तर टायर जास्त दबतो, जास्त वाकतो आणि जास्त तापतो. रबर आणि आतल्या तारा यांची पकड सैल होत जाते. ट्रकच्या रेडियल टायरमध्ये (ज्यात तारा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडव्या जातात) बाजूच्या भिंतीतही पोलादी तारा असतात. एखादी तार पुन्हा पुन्हा वाकवून आपण तोडतो, तशा त्या एकेक करून तुटत जातात. बाहेरून काहीच दिसत नाही.

मागच्या जोडचाकांची गोष्ट आणखी वाईट. २०१८ च्या सुधारित नियमानुसार चार टायरच्या एका एक्सलवर (चाकांना जोडणाऱ्या आसावर) साडेअकरा टन भार चालतो, म्हणजे एका टायरवर जेमतेम २.९ टन. आतला टायर बसला, तर बाहेरच्यावर एकदम पावणेसहा टन येतात. चालकाला केबिनमध्ये याचा पत्ता नसतो, कारण गाडी झुकत नाही. थांब्यावर टॉमीने (लोखंडी दांड्याने) टायर ठोकून बघायची जुनी सवय चांगली आहे, पण तिने पूर्ण बसलेला टायर कळतो. ११० च्या जागी ८५ आहे, हे ठोकून कळत नाही. त्याला मीटरच लागतो, तोही टायर थंड असताना. गरम टायरमधली हवा ‘जास्त झाली’ म्हणून सोडणं तर शुद्ध घातकी. तो थंड झाला की पुन्हा कमी हवेवरच धावतो.

तरीही फुटला, तर पहिल्या काही सेकंदांत पाय ब्रेककडे जातो आणि नेमका तोच रोखायचा असतो. पुढचा टायर गेला की गाडी त्या बाजूला ओढ घेते. अशा वेळी जोरात ब्रेक मारला, तर भार पुढे सरकून त्याच चाकावर येतो आणि स्टिअरिंग हातात राहत नाही. दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून गाडी सरळ ठेवायची, ॲक्सिलरेटर एकदम सोडायचा नाही, हळूहळू सैल करायचा. फाटलेलं चाक स्वतःच गाडीला ओढून मंद करतं. मागच्या टायरचा धोका वेगळा: सुटलेल्या रबराचा पट्टा फटके मारत एअर ब्रेकचा पाइप तोडू शकतो. स्प्रिंग ब्रेक असलेल्या गाडीत हवेचं प्रेशर गेलं की मागची चाकं जाम होतात.

गाडी थांबली की उतरून लगेच टायर बघायला जाऊ नका. चाकातून धूर येत असेल तर लांबच राहा. घाटात उतरताना तापलेले ब्रेक किंवा घासलेलं रबर यामुळे आग लागते आणि शेजारचा, अजून हवा असलेला टायर तापून काही वेळाने फुटू शकतो.

मग मागून येणाऱ्यांना सावध करायचं. आपल्याकडे दोन दगड आणि झाडाची फांदी चार पावलांवर ठेवतात. (काम झालं की दगड तिथेच राहतात, पुढच्या दुचाकीवाल्यासाठी!) १२० च्या वेगाने येणारी मोटार सेकंदाला ३३ मीटर कापते. चालकाला भान येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत दोन सेकंद धरले तर ६६ मीटर गेले, आणि चांगल्या कोरड्या रस्त्यावरही थांबायला आणखी ८० मीटर लागतात. त्यामुळे द्रुतगती मार्गावर परावर्तक त्रिकोण १५० मीटर मागे हवा. तो ठेवायला जाताना कठड्याच्या पलीकडून चालावं. सगळ्यांनी कठड्याबाहेरच थांबावं, ट्रकच्या सावलीत तर मुळीच नाही.

कोणी जखमी असेल तर १०८ किंवा ११२. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे जखमीला उपचार मिळवून देणं आणि पोलिसांना कळवणं चालकावर बंधनकारक आहे. पोलिस जागेवर नसतील तर जवळच्या ठाण्यात लवकरात लवकर, फार तर २४ तासांत. जमाव चिडला म्हणून जागेवर थांबून मदत करणं शक्य नसेल, तर त्याची दखल त्याच कलमात घेतली आहे. ठाण्यात जाणं मात्र टळत नाही. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे रोखरहित उपचार मिळण्याची केंद्राची योजनाही लागू आहे. मदत करणाऱ्या वाटसरूला कलम १३४अ चं संरक्षण आहे.

माणसं सुरक्षित झाली की मोबाइल काढा. फुटलेला टायर चाकावर असतानाच सगळ्या बाजूंनी फोटो घ्या, रस्त्यावरच्या खुणांचेही. तुकडे पोलिसांच्या नजरेस आणा, पंचनाम्यात नोंद व्हायला सांगा. धावत्या रस्त्यावर तुकडे गोळा करायला मात्र स्वतः जाऊ नका. जाणकार त्यात काय वाचतो? कमी हवेवर धावलेल्या टायरच्या आतल्या बाजूला गोल घासलेला पट्टा, सुरकुत्या, रबराचा भुगा आणि कधी निळसर झाक सापडते. खड्ड्याचा किंवा दगडाचा जबर मार बसला असेल तर आतून एक्स किंवा वायच्या आकाराची चीर दिसते. रिमोल्ड केलेला (झिजलेल्या टायरवर नव्याने चिकटवलेला) पट्टा सुटला असेल तर तो जिथे चिकटवला होता तो पृष्ठभाग बरंच काही सांगतो. बाजूच्या भिंतीवर चार आकडे छापलेले असतात. उदाहरणार्थ २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा, टायरचा जन्म तेव्हाचा. त्या आकड्यांचा एक स्पष्ट फोटो हवाच.

हे सगळं कोर्टात कामी येतं. २०१० मध्ये पुण्याहून मुंबईला जाणाऱ्या मोटारीचं मागचं चाक फुटून ती दरीत कोसळली आणि एक प्रवासी गेला. टायर फुटणं ही दैवी आपत्ती, असा विमा कंपनीचा बचाव होता. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो फेटाळला. अतिवेग, कमी किंवा जास्त हवा, जुना टायर, तापमान अशी कारणं टायर फुटण्यामागे असू शकतात आणि प्रवासाआधी टायर तपासणं हे चालकाचं किंवा मालकाचं काम आहे, असं न्यायालयाने म्हटलं. कुटुंबाला मंजूर झालेली सव्वा कोटींची भरपाई कायम राहिली. निकाल मोटारीचा असला तरी ट्रकमालकांनी वाचण्याजोगा आहे.

आता स्टेपनी लावली, गाडी निघाली, असं समजू नका. फुटलेल्याच्या जोडीचा जो टायर शाबूत दिसतो, त्याने काही अंतर दुप्पट ओझं वाहिलेलं असतं. त्याच्या तारा आत तुटत आल्या असतील, तर पंक्चरवाल्याकडे हवा भरताना बाजूची भिंत चेन उघडावी तशी सरळ रेषेत फाटते. ट्रकच्या एका टायरमधल्या हवेत ढोबळ हिशेबाने सव्वाशे ते दीडशे किलोज्यूल ऊर्जा असते. तेवढीत दीड टनाची मोटार नऊ-दहा मीटर वर उचलली जाईल, आणि हवा भरणारा पोरगा नेमका टायरसमोर उकिडवा बसलेला असतो. कमी हवेवर धावलेला टायर आधी चाकावरून उतरवून आतून बघावा, मगच हवा भरावी, तीही लोखंडी पिंजऱ्यात ठेवून, लांब नळीने आणि बाजूला उभं राहून. दुकानात पिंजरा नसेल तर तिथे भरू नये.