एप्रिल महिन्यातील स्मृतिदिन व पुण्यतिथी

एप्रिल महिन्यात निधन झालेल्या उल्लेखनीय व्यक्तींची यादी दिनदर्शिका, शाळेतील दिनविशेषाचा फळा, वर्तमानपत्रातील रकाना आणि चरित्रकोश अशा अनेक ठिकाणी लागते. महाराष्ट्रापुरते पाहिले तर या यादीत छत्रपती शिवाजी महाराज, थोरले बाजीराव पेशवे, अक्कलकोटचे स्वामी समर्थ, तात्या टोपे, पंडिता रमाबाई, मास्टर दीनानाथ मंगेशकर, डॉ. पंजाबराव देशमुख आणि किशोरी आमोणकर ही नावे येतात. यादी सोपी वाटते, पण तीत चुका फार होतात. मृत्यू कोणत्या महिन्यात झाला हे कोणत्या कालगणनेने मोजायचे, ते आधी ठरवावे लागते. तसे न करता केलेल्या यादीत एकच माणूस दोन महिन्यांत सापडतो.

शिवाजी महाराज व बाजीराव: जुनी आणि नवी तारीख

शिवाजी महाराजांचे निधन रायगडावर शके 1602, रौद्र संवत्सर, चैत्र शुद्ध पौर्णिमा, शनिवार या दिवशी झाले. इतिहासाच्या पुस्तकांत त्याची तारीख 3 एप्रिल 1680 अशी देतात. ही तारीख जुन्या, म्हणजे ज्युलियन पद्धतीची आहे. पोर्तुगालने 1582 मध्येच ग्रेगोरियन, म्हणजे आजची, पद्धत स्वीकारली होती, इंग्लंडने ती 1752 पर्यंत लांबवली. त्यामुळे मुंबई आणि सुरतेचे इंग्रज ज्या दिवसाला 3 एप्रिल म्हणत, तो पोर्तुगीज पद्धतीने 13 एप्रिल होता. दोन्ही पद्धतींत वार मात्र एकच राहतो. म्हणून जुनी तारीख पडताळताना आधी वार पाहावा. 3 एप्रिल 1680 ज्युलियनने शनिवारी येतो, 13 एप्रिल 1680 ग्रेगोरियनने शनिवारी येतो. कोणी 3 एप्रिल 1680 ही तारीख संगणकावरच्या आजच्या दिनदर्शिकेत टाकून बुधवार काढला, तर चूक बखरीची नव्हे, गणिताची असते.

रूपांतराचा हिशेब असा: इंग्रजी कागदांतील तारीख 28 फेब्रुवारी 1700 पर्यंतची असेल तर 10 दिवस मिळवायचे, त्यानंतर 2 सप्टेंबर 1752 पर्यंत 11 दिवस. इंग्रजी अमलात 2 सप्टेंबर 1752 नंतरचा दिवस थेट 14 सप्टेंबर मानला गेला, तिथून पुढे काही मिळवायचे नाही. 1752 पूर्वी इंग्रजांचे वर्ष 25 मार्चला सुरू होत असे. त्यामुळे जानेवारी ते मार्चच्या कागदांत सनाचा आणखी एक घोळ होतो, एप्रिल त्यातून सुटलेला आहे.

बाजीरावांच्या बाबतीत हा फरक महिनाच बदलून टाकतो. त्यांचे निधन नर्मदाकाठी रावेरखेडी येथे (आज मध्य प्रदेशातील खरगोन जिल्हा) शके 1662 च्या वैशाख शुद्ध त्रयोदशीला झाले. प्रचलित तारीख 28 एप्रिल 1740 ही आहे. ती ग्रेगोरियन मानली तर त्या दिवशी चंद्र जेमतेम द्वितीया-तृतीयेचा येतो, त्रयोदशी येतच नाही. 11 दिवस मिळवले की 9 मे 1740, सोमवार येतो आणि तिथी बरोबर जुळते. म्हणजे प्रचलित तारीख ज्युलियन आहे आणि नव्या गणनेने बाजीराव मे महिन्याच्या यादीत जातात. शेक्सपिअरचेही असेच आहे. त्याची 23 एप्रिल 1616 ही तारीख इंग्लंडच्या जुन्या पद्धतीची असून आजच्या गणनेने ती 3 मे होते. स्पॅनिश लेखक सर्व्हान्टिसचा मृत्यू मात्र स्पेनमध्ये, नव्या पद्धतीच्या एप्रिलमध्ये झाला. दोघे एकाच दिवशी वारले असे जे हौसेने सांगितले जाते, ते म्हणून टिकत नाही.

अशा वेळी ज्या तारखेने नोंद रूढ आहे तीच मुख्य ठेवावी आणि नवी तारीख शेजारी द्यावी. बाजीरावांना एप्रिलमधून काढणे गणिताने बरोबर असले तरी वाचक त्यांना 28 एप्रिललाच शोधणार. दोन पद्धती एकाच यादीत न सांगता मिसळणे मात्र अक्षम्य.

संवत्सराच्या नावावर एकट्याने विसंबू नये, याचे उत्तम उदाहरण याच दोघांत आहे. संवत्सर म्हणजे वर्षाचे नाव. अशा साठ नावांचे चक्र पुन्हा फिरून येत असल्याने शके 1602 आणि शके 1662 ही दोन्ही वर्षे रौद्र संवत्सराची आहेत. ‘रौद्र संवत्सर, चैत्र-वैशाख’ एवढाच उल्लेख असलेला तुटका कागद 1680 चाही असू शकतो आणि 1740 चाही.

पत्रातील दिवसांच्या मोजणीवरही तारीख बेतू नये. मुंबईच्या इंग्रजांनी 28 एप्रिल 1680 रोजी सुरतेला लिहिलेल्या पत्रात शिवाजी महाराजांना जाऊन 23 दिवस झाल्याचे म्हटले आहे. उलट मोजले की 5 एप्रिल येतो. बातमी ऐकीव, आकडा अदमासे. तिथी-वाराची नोंद त्यापेक्षा भरवशाची.

शक, सुहूर आणि फसली

जुन्या मराठी कागदांतून एप्रिलमधील मृत्यू काढताना शकात 78 मिळवले की इसवी सन येतो, पण गुढीपाडवा एप्रिलमध्ये पडलेला असेल तर पाडव्यापूर्वीच्या दिवसांना 79 मिळवावे लागतात. 2024 मध्ये पाडवा 9 एप्रिलला होता. त्या वर्षीचा 3 एप्रिल शके 1945 च्या फाल्गुनातलाच. जुन्या मराठी कागदांतला सुहूर सन मृग नक्षत्रापासून, म्हणजे त्या काळी मेअखेरीस, बदलत असल्याने एप्रिलसाठी त्यात नेहमी 600 मिळवावेत, 599 नव्हे. शिवाजी महाराजांच्या निधनावेळी सुहूर सन 1080, ‘समानीन अलफ’ (अरबीत ऐंशी आणि हजार), चालू होते. फसली या महसुली सनात याच महिन्यासाठी 591 मिळवतात. हिजरी तारखांत दिवस सूर्यास्तापासून सुरू होतो. रात्री आलेला मृत्यू तिथे पुढच्या तारखेत जातो. पंचांगात उलट आहे. दिवस सूर्योदयापासून धरत असल्याने पहाटे तीनला आलेला मृत्यू आदल्या वारात मोडतो, इंग्रजी तारखेत मात्र मध्यरात्रीच दिवस बदललेला असतो. वार आणि तारीख एका दिवसाने चुकताना दिसली तर आधी मृत्यूची वेळ शोधावी.

तिथीने पाळल्या जाणाऱ्या पुण्यतिथी

रायगडावर महाराजांची पुण्यतिथी चैत्र पौर्णिमेला, हनुमान जयंतीच्या दिवशी, होते. ती 2024 मध्ये 23 एप्रिलला, 2025 मध्ये 12 एप्रिलला आली आणि 2026 मध्ये 2 एप्रिलला येते. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान असल्याने तिथी दर वर्षी तेवढी मागे सरकते आणि अधिक मास आला की एकदम सुमारे 19 दिवस पुढे उडी घेते. चैत्र पौर्णिमा बहुतेक वेळा एप्रिलच्या आतच राहते.

अक्कलकोटच्या स्वामी समर्थांचे तसे नाही. त्यांनी शके 1800 च्या चैत्र वद्य त्रयोदशीला, 30 एप्रिल 1878 रोजी समाधी घेतली. अक्कलकोटला उत्सव तिथीनेच होतो. 2025 मध्ये ती 26 एप्रिलला आली, 2024 मध्ये मात्र 6 मे रोजी. ‘एप्रिलमधील पुण्यतिथी’ अशी कायमची यादी छापून ठेवली तर असे वर्ष हमखास चुकते. दर वर्षी नव्या पंचांगावरून तारीख काढणे एवढाच त्यावर उपाय.

वद्य पक्षातील तिथींना आणखी एक खोच आहे. महाराष्ट्रात, गोव्यात व दक्षिणेत महिना अमावास्येला संपतो, उत्तर भारतात पौर्णिमेला. आपला चैत्र वद्य पक्ष म्हणजे तिकडचा वैशाख कृष्ण पक्ष. हिंदी पंचांगात ‘चैत्र कृष्ण त्रयोदशी’ पाहून तारीख काढली तर ती एक महिना आधीची निघते. शुद्ध पक्षात हा प्रश्न येत नाही.

उत्सवाची पुण्यतिथी साधारणपणे सूर्योदयाला असलेल्या तिथीवर धरतात, तर घरातले वार्षिक श्राद्ध अपराह्णी असलेल्या तिथीवर. दिनमानाचे पाच भाग केले की चौथा भाग अपराह्ण. सूर्योदय सहाला आणि सूर्यास्त सहाला धरला तर दुपारी 1 वाजून 12 मिनिटांपासून 3 वाजून 36 मिनिटांपर्यंत. त्यामुळे एकाच व्यक्तीचा सार्वजनिक कार्यक्रम आणि घरचे श्राद्ध लागोपाठच्या दोन दिवशी येऊ शकते. यात कोणाचेच पंचांग चुकलेले नसते.

फाशीच्या तारखा

एप्रिलमध्ये फासावर गेलेल्या क्रांतिकारकांची संख्या लक्षात येण्याजोगी आहे. मंगल पांडे यांना 8 एप्रिल 1857 रोजी बराकपूर येथे फाशी झाली. शिक्षेसाठी 18 एप्रिल ही तारीख ठरली होती, ती 10 दिवस अलीकडे आणली गेली. निकालाची, ठरलेली आणि प्रत्यक्ष अंमलबजावणीची अशा तीन तारखा अशा प्रकरणांत असतात. यादीत शेवटचीच घ्यायची. मूळचे येवल्याचे तात्या टोपे यांना 18 एप्रिल 1859 रोजी शिवपुरी येथे फाशी दिली. फासावर गेलेली व्यक्ती दुसरीच होती अशी एक परंपरा आहे, पण सरकारी नोंद आणि रूढ स्मृतिदिन 18 एप्रिलचाच. बरोबर 39 वर्षांनी, 18 एप्रिल 1898 रोजी, पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्या वधासाठी दामोदर हरी चापेकर येरवड्यात फासावर गेले. त्यांचे बंधू बाळकृष्ण व वासुदेव यांना 1899 च्या मे महिन्यात फाशी झाली. तिघांचा एकत्र उल्लेख करण्याच्या सवयीमुळे तिघांनाही एकच तारीख चिकटवली जाते, ती चूक. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाच्या खटल्यातील अनंत कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे यांना मात्र खरोखरच एकाच दिवशी, 19 एप्रिल 1910 रोजी, ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली.

विसाव्या आणि एकविसाव्या शतकातील नावे

इथे कालगणनेचा प्रश्न मिटतो, नोंदी तारखेनेच पाळतात. पंडिता रमाबाई 5 एप्रिल 1922 रोजी केडगाव येथे, आपल्या मुक्ती मिशनमध्ये वारल्या. 1952 ते 1962 केंद्रात कृषिमंत्री राहिलेले आणि अमरावतीच्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेचे संस्थापक डॉ. पंजाबराव देशमुख यांचे निधन 10 एप्रिल 1965 चे. त्याच तारखेला 1995 मध्ये, मुंबई राज्याचे माजी मुख्यमंत्री व माजी पंतप्रधान मोरारजी देसाई मुंबईत वारले. गोव्यातील मंगेशीचे मास्टर दीनानाथ मंगेशकर पुण्यात 24 एप्रिल 1942 रोजी गेले, तेव्हा थोरली मुलगी लता 12 वर्षांची होती. दीनानाथांच्या नावाचे पुरस्कार याच दिवशी दिले जातात. जयपूर घराण्याच्या गायिका किशोरी आमोणकर यांचे मुंबईतील निधन 3 एप्रिल 2017 चे आहे, म्हणजे महाराजांची रूढ तारीख तीच त्यांचीही.

महाराष्ट्राबाहेरची नावे थोडक्यात: बंकिमचंद्र चट्टोपाध्याय (8 एप्रिल 1894), श्रीनिवास रामानुजन (26 एप्रिल 1920), मुहम्मद इक्बाल (21 एप्रिल 1938), रमण महर्षी (14 एप्रिल 1950), राहुल सांकृत्यायन (14 एप्रिल 1963), रामधारी सिंह दिनकर (24 एप्रिल 1974), सर्वपल्ली राधाकृष्णन (17 एप्रिल 1975), सत्यजित राय (23 एप्रिल 1992). इरफान खान आणि ऋषी कपूर हे दोघे मुंबईत टाळेबंदीच्या काळात लागोपाठ, 29 आणि 30 एप्रिल 2020 रोजी गेले.

वय आणि ‘कितवी’ पुण्यतिथी

सनातून सन वजा करून वय लिहिणे ही सर्वांत सामान्य चूक. रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 चा. वजाबाकी 64 सांगते, पण वाढदिवसाला 18 दिवस उरले असताना त्या गेल्या, म्हणून वय 63. किशोरीताईंचा जन्म 10 एप्रिल 1932 चा, तेव्हा वय 85 नव्हे, 84. मोरारजींचा जन्म 29 फेब्रुवारी 1896 चा. वाढदिवस चार वर्षांतून एकदा येत असला तरी फेब्रुवारी उलटून गेला होता, म्हणून 99 बरोबर.

पहिली पुण्यतिथी मृत्यूनंतर एक वर्षाने येते, मृत्यूचा दिवस तीत धरत नाहीत. 1680 पासून मोजता 2025 ची चैत्र पौर्णिमा 345 वी; ती 346 वी छापणारा मूळ दिवसच पहिला धरतो.

इतर नेहमीच्या चुका

एप्रिल जयंत्यांनीही भरलेला आहे: 11 ला महात्मा फुले, 14 ला डॉ. आंबेडकर, 18 ला महर्षी कर्वे, 30 ला दादासाहेब फाळके व तुकडोजी महाराज. घाईत केलेल्या यादीत यांतले एखादे नाव निधनाच्या रकान्यात शिरते. फुले आणि कर्वे दोघेही नोव्हेंबरात गेले, फाळके 16 फेब्रुवारी 1944 रोजी.

हल्ल्याची तारीख आणि मृत्यूची तारीख वेगळ्या ठेवाव्यात. लिंकन यांच्यावर 14 एप्रिल 1865 च्या रात्री गोळी झाडली गेली, ते 15 च्या सकाळी वारले. परदेशातील मृत्यूला तिथलीच स्थानिक तारीख द्यावी. फ्रँकलिन रूझवेल्ट अमेरिकेत 12 एप्रिल 1945 च्या दुपारी गेले, तेव्हा भारतात मध्यरात्र उलटून 13 तारीख लागली होती. त्या काळच्या आपल्याकडच्या वर्तमानपत्रावरून नोंद करणाऱ्याने बातमीच्या डोक्यावरची तारीख न घेता बातमीत दिलेले ठिकाण आणि वेळ घ्यावी.