ला बेल (जहाज)

ला बेल, म्हणजे ‘सुंदरी’, हे सतराव्या शतकातील छोटे फ्रेंच शिडाचे जहाज. आजच्या टेक्सासच्या किनाऱ्यावर फ्रेंचांनी वसवू पाहिलेल्या पहिल्या वसाहतीचा सारा भार अखेर याच जहाजावर येऊन पडला. फ्रान्समधील रॉशफोर येथे १६८४ मध्ये ते बांधले गेले. लांबी जेमतेम साडेसोळा मीटर. त्याच्या लाकडांवर जोडणीच्या क्रमाच्या खुणा कोरलेल्या आढळल्या. सुटे भाग नेऊन ते अमेरिकेतच उभे करण्याचा मूळ बेत असावा.

मिसिसिपी नदीच्या मुखाशी वसाहत उभारण्यासाठी फ्रेंच शोधप्रवासी ला साल याने १६८४ च्या उन्हाळ्यात सुमारे ३०० माणसे आणि चार जहाजे घेऊन फ्रान्सचा किनारा सोडला. त्यांपैकी ‘सँ फ्रान्स्वा’ वाटेतच स्पॅनिशांच्या हाती लागले. नदीचे मुख चुकले आणि ताफा कितीतरी पश्चिमेला, मॅटागोर्डा उपसागरात पोहोचला. तिथे शिरताना सामानाचे जहाज ‘एमाब्ल’ वाळूत रुतून फुटले, तर युद्धनौका ‘जोली’ फ्रान्सला परतली. उरले ते ला बेल. गार्सिटास ओढ्याकाठच्या वस्तीला बाहेरच्या जगाशी जोडणारा तेवढाच धागा होता.

ला साल नदीच्या शोधात जमिनीवरून निघाला, जहाज मात्र सामानासह उपसागरातच नांगरून राहिले. पिण्याचे पाणी संपले. पाणी आणायला गेलेली होडी परत आलीच नाही. १६८६ च्या आरंभी वादळाने जहाजाला दूरच्या वाळूवर नेऊन आदळले. मोजकेच खलाशी वस्तीपर्यंत पोहोचले. जहाजासोबत वस्तीच्या सुटकेचा मार्गही बुडाला, असेच म्हणावे लागते. १६८७ मध्ये ला सालला त्याच्याच माणसांनी ठार केले. पुढे तिथल्या मूळ रहिवासी करांकावा लोकांच्या हल्ल्यात वस्ती संपली. १६८९ मध्ये स्पॅनिश तुकडीला तिचे फक्त अवशेष दिसले.

१९९५ मध्ये जहाजाचा ठाव लागला. भोवती पोलादी भिंत उभारून आतले पाणी उपसले गेले आणि भर उपसागरात कोरड्या जागी उत्खनन झाले. दहा लाखांहून अधिक वस्तू निघाल्या. काचेचे मणी, पितळी अंगठ्या, घुंगरांसारख्या छोट्या घंटा, कुऱ्हाडी, चौदाव्या लुईची मुद्रा असलेली काशाची तोफ. नवी वस्ती थाटताना आणि स्थानिकांशी व्यापार करताना लागणारा हा संसार पेट्यांमध्ये बांधलेलाच राहिला होता. नाळेजवळ, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाशी, नांगराच्या दोरखंडाच्या वेटोळ्यावर, एका खलाशाचा सांगाडा पडलेला होता. त्याचे नाव कळलेले नाही. २००४ मध्ये टेक्सासची राजधानी ऑस्टिन येथील राज्य स्मशानभूमीत त्याचे दफन झाले. जहाजाचा पुन्हा जोडलेला सांगाडाही त्याच शहरातील संग्रहालयात आहे.