कमांड लाइनवरून मजकूर-छपाई

युनिक्स व त्या वळणाच्या संगणक-प्रणालींत साधा मजकूर कागदावर उतरवण्यासाठी ‘एलपी’ आणि ‘एलपीआर’ या दोन कमांड रूढ आहेत. पहिली एटी अँड टी कंपनीच्या सिस्टिम फाइव्ह या युनिक्सची, दुसरी बर्कली विद्यापीठाच्या युनिक्सची, अशी वाटणी सर्रास केली जाते. ती ढोबळ आहे. ‘एलपीआर’मागे छपाईची रांग सांभाळणारा ‘एलपीडी’ हा प्रोग्रॅम एटी अँड टीच्याच बेल प्रयोगशाळेतल्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीपर्यंत (सु. १९७५) मागे नेता येतो, तेव्हा बर्कलीने तो घडवण्यापेक्षा वाढवला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. नेटवर्कवरील त्याची रीत आरएफसी ११७९ या इंटरनेट-दस्तऐवजात (१९९०) नोंदली गेली; त्यासाठी पोर्ट ५१५ वापरतात.

दोहोंतला जुना फरक फाइलच्या प्रतीचा. ‘एलपीआर’ फाइलची नक्कल रांगेत ठेवी. ‘एलपी’ सांगितल्याशिवाय ठेवत नसे, त्यामुळे पाळी येण्याआधी फाइल बदलली तर बदललेला मजकूर छापला जाई. मायकेल स्वीट यांच्या ‘कप्स’ या छपाई-प्रणालीने (१९९९) दोन्ही नावे राखून हा फरक मिटवला. उरला तो पर्यायांचा: प्रिंटर निवडण्यास ‘एलपी’त लहान ‘-डी’, ‘एलपीआर’मध्ये मोठा ‘-पी’, प्रतींसाठी अनुक्रमे ‘-एन’ व ‘-#’.

मजकूर फिल्टर (तो प्रिंटरला समजेल अशा रूपात बदलणारा प्रोग्रॅम) न लावता थेट प्रिंटरकडे (बहुधा पोर्ट ९१००) धाडला की ओळी जिन्यासारख्या उजवीकडे सरकतात. युनिक्स ओळीअखेर फक्त लाइन फीड (१०) लिहिते. प्रिंटर एक ओळ खाली येतो, पण डाव्या कडेला परतण्यास त्याला कॅरेज रिटर्न (१३) लागतो. तो जोडणाऱ्या ‘युनिक्सटूडॉस’ या प्रोग्रॅममधून फाइल काढली की पुरते. शेवटचे पान आतच अडकले, तर अखेरीस पान बाहेर काढणारा फॉर्म फीड (१२) जोडावा.

‘पीआर’ ही पाने पाडणारी कमांड ६६ ओळींचे पान धरते: ११ इंची कागद, इंचाला ६ ओळी. पैकी १० ओळी शीर्ष-तळासाठी जातात, मजकुराला ५६ उरतात. ए-फोरवर ७० ओळींची जागा असली, तरी फिल्टरचा समास ती खातो. मग दोन-चार ओळी पुढच्या कागदावर सांडतात आणि एकाआड एक पान जवळपास कोरे निघते. पानाच्या ओळी ठरवणारा पर्याय ‘-एल ६०’ दिल्यास हे सहसा थांबते.



देवनागरीला साधा मजकूर धाडण्याची ही वाट थेट चालत नाही. प्रिंटरच्या अंगच्या टंकांत ती सहसा नसते, आणि यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीतील प्रत्येक देवनागरी चिन्हाचे तीन बाइट सुटे वाचले जाऊन भलतीच अक्षरे उमटतात. टंक मिळाला तरी ‘कि’ची वेलांटी साठवणीत ‘क’नंतर असते, ती आधी काढावी लागते, जोडाक्षरांचेही तेच. म्हणून मजकूर आधी ‘पॅप्स’ या प्रोग्रॅमला द्यावा. तो पँगो या अक्षरजुळणीच्या लायब्ररीच्या आधारे अक्षरे जुळवून पोस्टस्क्रिप्ट (पानाचे वर्णन करणारी भाषा) बनवतो आणि पाइपने (एका कमांडचे फलित दुसरीला देऊन) ते ‘एलपी’कडे जाते.